स्लोव्हाकची छत्तीस रूपं: एका फॉरवर्डचा हिशोब

गेल्या महिन्यात एकच मजकूर मला तीन ठिकाणांहून आला. पुण्याच्या मावसभावाकडून, इथल्या ऑफिसच्या ग्रुपवर आणि शेवटी आईकडून, "हे खरं का गं?" अशा प्रश्नासकट. मूळ मजकूर इंग्रजीत, खाली कुणीतरी केलेलं मराठी भाषांतर. थोडक्यात असा: स्लोव्हाक ही इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी जगातली सगळ्यात अवघड भाषा. सहा विभक्ती, तीन लिंगं, दोन वचनं, म्हणजे एका नामाची छत्तीस रूपं. मुलगी नपुंसकलिंगी, तेव्हा लिंगाला नियमच नाही. शब्दांत स्वर नसतात. शब्दक्रम मात्र मोकळा, कसाही लावा. म्हणून इंग्रजीतून येणाऱ्याने व्याकरणाच्या नादी न लागता वाक्यं पाठ करावीत.

मी स्लोव्हाकियाच्या राजधानीत, ब्रातिस्लावात राहते. स्लोव्हाक मी इंग्रजी पुस्तकांतून शिकले, त्यामुळे त्या वाटेवर ठेच कुठे लागते हे पायाला ठाऊक आहे. भाषा अवघड आहे, त्याबद्दल वाद नाही. पण हा मजकूर भलत्याच ठिकाणी घाबरवतो आणि जिथे खरा खड्डा आहे तिथे 'रस्ता मोकळा' अशी पाटी लावतो.

'सगळ्यात अवघड' हे आधी निकालात काढू. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना परभाषा शिकवते. इंग्रजी मातृभाषेच्या माणसाला कोणत्या भाषेला किती वेळ लागतो याचा तिचा जुना अंदाज आहे. स्लोव्हाकला सुमारे ४४ आठवडे, ११०० तास. हिंदीही त्याच गटात. अरबी, चिनी, जपानी आणि कोरियनला ८८ आठवडे, २२०० तास. म्हणजे सगळ्यात अवघड गटाच्या निम्मं.

आता छत्तीस रूपं. हा गुणाकार करणाऱ्याने एकही स्लोव्हाक शब्द चालवून पाहिलेला नाही. नामाला लिंग एकच असतं, तीन नसतात. तेव्हा तक्त्यातली घरं छत्तीस नाहीत, बारा आहेत. त्यांतही पुष्कळ घरांत एकच भाडेकरू. 'कोस्त्य' म्हणजे हाड. त्याचं 'कोस्ति' हे एकच रूप पाच घरं सांभाळतं: एकवचनात षष्ठी, चतुर्थी आणि सप्तमी, अनेकवचनात प्रथमा आणि द्वितीया. बारा घरांत मिळून वेगळी रूपं सातच. 'झेना', म्हणजे बाई, हिची नऊ. विशेषणं तिन्ही लिंगांत चालतात हे खरं, पण मजकूर नामांबद्दल बोलतो आहे.

इथल्या शाळेत नामांसाठी बारा नमुने शिकवतात: पुल्लिंगी चार, स्त्रीलिंगी चार, नपुंसकलिंगी चार. बाप्या, वीर, ओक, यंत्र, बाई, गल्ली, तळहात, हाड, शहर, हृदय, प्रगतिपुस्तक आणि मुलगी. प्रगतिपुस्तकाला नमुना म्हणून निवडणाऱ्या गुरुजींना माझा नमस्कार. ज्यांनी आठवीत 'देवः देवौ देवाः' घोकलं आहे त्यांना ही वही ओळखीची वाटेल. मुख्य फरक एवढाच की इथे द्विवचन नाही आणि पंचमीचं काम षष्ठीच करते.

विभक्ती ही कल्पनाच इंग्रजीवाल्याला परकी, असाही सूर त्या मजकुरात आहे. इंग्रजी सर्वनामं अजूनही चालतात की: ही, हिम, हिज. तिथे कुणी रडत नाही. पण मला गंमत वाटते ती मराठी माणसाने हा मजकूर पुढे ढकलल्याची. 'पुणे' म्हणताना 'पुण्याला, पुण्यात, पुण्याहून' करणारा माणूस 'ब्रातिस्लावा'चं 'व ब्रातिस्लावे' झालेलं पाहून का दचकतो? आणखी एक पाहा. स्लोव्हाकमध्ये 'मला झाड दिसतं' म्हणताना 'दुब', म्हणजे ओक, तसाच राहतो: 'विदीम दुब'. पण दिसणारा बाप्या असेल तर 'ख्लाप'चा 'ख्लापा' होतो: 'विदीम ख्लापा'. इंग्रजी पुस्तकात या सजीव-निर्जीव भेदावर अख्खा धडा होता आणि माझा इंग्लंडमधल्या लीड्सचा सहकारी त्यावर आठवडाभर अडला. आपण तर रोज म्हणतो: मी झाड पाहिलं, पण मुलाला पाहिलं. 'झाडाला पाहिलं' म्हणणारा कवी तरी असतो किंवा नवशिका. हा धडा मला इंग्रजीतून समजला नाही. पुस्तक मिटून मराठीत विचार केला तेव्हा कळला.

मुलगी नपुंसकलिंगी, हे खरं. 'द्येव्चा' नपुंसकलिंगीच आहे. पण त्यावरून 'नियमच नाही' म्हणणाऱ्याने सिंधुदुर्गात जाऊन 'चेडू', म्हणजे मुलगी, कोणत्या लिंगात चालतं ते विचारावं. आपलं 'पोरगं'ही तेच. उलट स्लोव्हाकचं लिंग मराठीपेक्षा पुष्कळ सरळ आहे. शेवटी व्यंजन असेल तर बहुधा पुल्लिंगी, 'आ' असेल तर स्त्रीलिंगी, 'ओ' असेल तर नपुंसकलिंगी. चहा 'चाय' तो, कॉफी 'कावा' ती, बियर 'पिवो' ते. अपवाद आहेत: रात्र 'नोत्स' व्यंजनान्त असून स्त्रीलिंगी, आणि पर्यटक 'तुरिस्ता' आकारान्त असून पुल्लिंगी. पण भात तो, वाट ती आणि घर ते, हे नुसत्या शब्दावरून ओळखण्याचा नियम कुणी मला सांगावा.

स्वर नसतात म्हणे. लांडग्याला इथे जे म्हणतात ते रोमन लिपीत तीन व्यंजनं दिसतात, पण देवनागरीत ते सरळ लिहिता येतं: वॢक. संस्कृतातला 'वृक' त्याचा सख्खा नातेवाईक. आपण वर्णमालेत ऋ, ॠ, ऌ, ॡ ओळीने म्हणत आलो आणि कुणी विचारलंच नाही की हे दीर्घ ॡ बोलतं कोण. स्लोव्हाक बोलतात. खांबाला ते 'स्तॣप' म्हणतात, वाळुंजाला 'वॄबा'. (आपल्या ऋचा 'रु' होऊन गेला, त्यांचा झाला नाही.)

आता तो मोकळा शब्दक्रम. इथे मजकूर नुसता चुकत नाही, शिकणाऱ्याचं नुकसान करतो. कॅफेत कॉफी मागवताना 'दाम सी कावू' म्हणतात, म्हणजे कॉफी घेईन; 'सी' म्हणजे स्वतःसाठी. 'कावू सी दाम' चालेल, म्हणजे कॉफीच घेईन. 'या सी दाम कावू' चालेल, म्हणजे मी आपली कॉफी घेईन. जोर बदलतो, शब्द हलतात. पण तिन्हींत 'सी' कुठे आहे पाहा. दुसऱ्या जागेवर, खिळा ठोकल्यासारखा. 'सी', 'स्वतःला' या अर्थाचं 'सा', भूतकाळात 'मी'साठी येणारं सहायक क्रियापद 'सोम', 'त्याला' या अर्थाचं 'मु', हे सगळे बिनाघाताचे बारके शब्द. त्यांना टेकायला आधी कुणीतरी लागतं, म्हणून प्रमाण भाषेत ते वाक्याच्या आरंभी उभे राहत नाहीत. दोन-तीन एकत्र आले तर त्यांची आपसात रांगही ठरलेली: 'रानो सोम सी दाला कावू', सकाळी मी कॉफी घेतली. 'सी सोम' नाही, 'सोम सी'च. इंग्रजीवाल्याचा घात इथे होतो. त्याला कर्ता आधी हवा आणि सहायक क्रियापद त्याला चिकटून, म्हणून तो प्रत्येक वाक्याच्या आरंभी 'या', म्हणजे 'मी', लावत सुटतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा सारखा 'मी, मी' का करतोय? मराठीत 'येते हं' एवढ्यात कर्ता कळतो, तसंच इथे.

वाक्यं पाठ करा, या सल्ल्याचं फळ मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तो लीड्सचा सहकारी पहिले सहा महिने बायकोचं ऐकून बोलत होता. ती स्लोव्हाक. 'मी होते' याला ती अर्थातच 'बोला सोम' म्हणते. हाही मीटिंगमध्ये दाढीवरून हात फिरवत 'बोला सोम' म्हणायचा. पुरुषाने 'बोल सोम' म्हणायचं असतं. बायकोकडून मराठी शिकलेला परप्रांतीय जावई 'मी उद्या येते' म्हणतो, तेच हे. नियम एका ओळीचा आहे: भूतकाळ कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो. तो होता, ती होती. एवढं समजलं की शंभर वाक्यांची घोकंपट्टी वाचते.

मजकुराने ज्याचं नावही काढलं नाही अशा दोन गोष्टींना मात्र मी अजून बिचकते. एक म्हणजे क्रियापदांच्या जोड्या. 'चीताला सोम' म्हणजे वाचत होते, 'प्रेचीताला सोम' म्हणजे वाचून काढलं. कल्पना आपली आहे, पण कोणत्या क्रियापदाला कोणता उपसर्ग लागतो हे एकेक करून शिकावं लागतं. शिवाय 'प्रेचीताम' दिसतं वर्तमानकाळासारखं आणि अर्थ निघतो भविष्याचा: वाचून काढीन.

दुसरी गोष्ट आकडे. एक बियर 'येद्नो पिवो', दोन 'द्वे पिवा', तीन आणि चारलाही 'पिवा'. पाच झाल्या की नाम उडी मारून अनेकवचनी षष्ठीत जातं: 'पेत्य पीव'. जणू पाच बियरांचं काहीतरी. वर क्रियापद एकवचनी नपुंसकलिंगी होतं. इथे संस्कृत कामाला येत नाही, मराठी येत नाही, इंग्रजी तर नाहीच. सहकाऱ्याच्या निरोपाच्या संध्याकाळी आम्ही पाच जण होतो. त्याने ऐटीत 'पेत्य पिवा' मागवल्या. वेटरने ग्लास मांडता मांडता हळूच 'पेत्य पीव' म्हटलं, आणि मी मान खाली घातली, कारण मीही तेच म्हणणार होते.