परदेशातून : मेर, कुमसार आणि तारण

गोव्यात एखाद्या कॅथलिक घरातला कुणी ‘बिलिव्हर’, म्हणजे नव्या प्रोटेस्टंट पंथातला, झाला की वाद ठरलेला. तो म्हणतो, तारण, म्हणजे पापातून सुटका, फक्त विश्वासाने. तुमची मीस (चर्चमधली उपासना), कुमसार (पाद्र्यापुढे पापांची कबुली), नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) ही सारी कर्मकांडं. घरचे म्हणतात, नुसत्या विश्वासाने स्वर्ग मिळाला असता तर आणखी काय हवं होतं! हे भांडण 1517 साली मार्टिन ल्यूथरने रोमच्या चर्चविरुद्ध जिथे पेटवलं त्या जर्मनीतून ऐकताना वाटतं, दोघांनीही आपापल्या घरचे कागद उघडलेले नाहीत.

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने जानेवारी 1547मध्ये केलेल्या ठरावाचं पहिलंच कलम सांगतं : ख्रिस्ताच्या कृपेवाचून, केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरतो असं म्हणेल तो बहिष्कृत. हे रोमचं म्हणणं. उलट मार्टिन ल्यूथर लिहितो की खरा विश्वास सतत कामात असतो, सत्कर्म केल्यावाचून त्याला राहवत नाही. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गला कॅथलिक आणि ल्यूथरपंथी अशा दोन्ही बाजूंनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण या मुद्द्यावरचे जुने शाप आजच्या शिकवणीला लागू नाहीत हे मान्य झालं. गोव्यातल्या वादापर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे.

दोघंही बायबलचाच आधार घेतात : पौल म्हणतो, माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, विश्वासाने नीतिमान ठरतो; याकोब म्हणतो, कर्मांवाचून विश्वास मेलेला. पण पौल ‘नियमशास्त्राची कर्मे’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध असं बरंच असतं. याकोब ज्या ‘विश्वासा’ला मेलेला म्हणतो, तसा तर भुतांकडेही आहे : देव एकच आहे हे ती मानतात आणि थरथरतात. शब्द तेच, रोख वेगळा. शिवाय रोमकरांस पत्राच्या सुरुवातीला (1:5) आणि शेवटी (16:26) पौल विश्वास आणि आज्ञापालन एकाच दमात म्हणतो. आज्ञापालनासाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द ‘ऐकणे’ या धातूपासून आलेला. मराठीला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘पोर ऐकत नाही’ म्हणजे ते बहिरं आहे असं कुणी समजतं का?

कुमसाराचंच बघा. पश्चात्ताप, कबुली, भरपाई ही माणसाची तीन कामं. पाद्री आधी पापमुक्ती देतो. सांगितलेल्या प्रार्थना सहसा त्यानंतर म्हणायच्या असतात. म्हणजे ती पापमुक्तीची किंमत नव्हे. पण शेजाऱ्याच्या शेताची मेर (हद्दीचा बांध) हातभर सरकवून कुमसाराला गेलेला, ती मागे घ्यायला तयारच नसेल, तर पश्चात्तापच खोटा आणि पापमुक्तीही पोकळ. दहा ‘नमो मारिया’ म्हणून मेर जागची हलत नाही.

इकडे जर्मनीत गाडं दुसरीकडे अडतं. कॅथलिक किंवा मुख्य प्रोटेस्टंट चर्चमध्ये नोंदणी असलेल्या माणसाच्या आयकरावर 9 टक्के (बायर्न आणि बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये 8) चर्च-कर लागतो : महिना 500 युरो आयकर असेल तर 45 युरो. सरकारदरबारी नाव काढून घेतलं की कर बंद. पण बिशपांच्या 2012च्या आदेशानुसार अशा कॅथलिकाला कुमसार नाही, कम्युनियनही (मीसमधला पवित्र भाकरीचा विधी) नाही. अपवाद मरणाच्या दारातला. आज्ञापालन इतकं पगारपत्रकावर आणून ठेवणं मला तरी पटत नाही.

बिलिव्हरांचा आक्षेप खरा लागू पडतो तो आंगवणीला, म्हणजे नवसाला. ‘व्हिसा झाला तर इतक्या मेणबत्त्या’ हा सरळ सौदा, तिथे ते बरोबर आहेत. फक्त ‘दशमांश द्या, दुप्पट मिळेल’ असं ज्या सभांत सांगतात, तिथे बसूनही त्यांनी तेच म्हणावं.