नाइट व्हायची एवढी घाई कशाला?

चिलखतातला फोटो टाकल्यापासून इनबॉक्समध्ये दोनच प्रश्न येतायत. एक, ‘हे नक्की काय आहे?’ आणि दोन, ‘नाइट व्हायला किती वर्षं लागतात?’ (नाइट म्हणजे knight, जुना युरोपियन सरदार; आमच्या खेळात लढणाऱ्याला मिळणारा मोठा मान.) दुसरा प्रश्न वाचला की माझं डोकं सरकतं. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी पहिल्याचं उरकते. १९६६ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात, बर्कलीमध्ये, काही मित्रमंडळींनी एका घराच्या परसात मध्ययुगीन थाटाच्या झुंजी भरवल्या. त्यातून सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रोनिझम उभी राहिली, म्हणजे जुन्या काळातले कपडे, लढाया, मेजवान्या हौसेने जगून बघणाऱ्यांची संस्था. आम्ही नुसतं एससीए म्हणतो. आज तिची वीस ‘किंगडम’ (म्हणजे प्रदेशवार विभाग) आहेत आणि आम्ही न्यू जर्सीवाले ईस्ट किंगडमची प्रजा. राजा वारशाने होत नाही की मतांनी. मैदानात सगळ्यांना हरवायचं, सहाएक महिने राज्य करायचं आणि मुकुट पुढच्याच्या हवाली करायचा. एकदा राज्य केलेला काउंट, दोनदा केलेला ड्यूक. सोमवारी तोच ड्यूक कुणाच्या तरी बेसमेंटमधला पाइप दुरुस्त करत बसलेला असू शकतो.

लढाई मात्र लुटुपुटूची नाही. कोण जिंकणार हे आधी ठरलेलं नसतं. तलवार वेताची, किमान सव्वा इंच जाड, वर डक्ट टेप गुंडाळलेली. दंडावर बसली की दुसऱ्या दिवशी ऑफिसात फुल बाह्यांचा शर्ट.

आता तो दुसरा प्रश्न.

आपल्या लोकांना कुठेही गेलं की आधी वरची पायरी दिसते. पोरगं पेटीवर सा लावतंय तोवर ‘विशारद कधी?’ सुरू. इथेही तेच. सरावाला पहिल्यांदा आलेला माणूस पांढऱ्या पट्ट्याकडे बघतो (तो नाइटचा, दुसऱ्या कुणी बांधायचा नाही), मग लाल पट्टेवाल्यांकडे बघतो (ते बहुतेक स्क्वायर, म्हणजे कुणा नाइटचे चेले) आणि घरी जाऊन थेट हेल्मेट ऑर्डर करतो. माझं म्हणणं एवढंच, की या खेळात सगळ्यात मोकळी जागा तळालाच आहे आणि तिथून पळ काढायची घाई करणारा स्वतःचंच नुकसान करून घेतो.

चिलखताचंच बघा. जवळपास प्रत्येक गटाकडे नवख्यांसाठी उसन्या सामानाची पेटी असते. आपल्याकडे मराठ्यांच्या फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं आणणारा तो शिलेदार. नवखा म्हणजे बारगीर. हेल्मेटला दहा जणांच्या घामाचा वास, हनुवटीचा पट्टा कुणा रुंद जबड्याच्या माणसाच्या मापाने ताणलेला, गुडघ्याचे पॅड चालताना फिरून मागे जाणारे. पण त्या पेटीतलं सामान घालून बघितल्याशिवाय आपल्याला काय हवंय ते कळतच नाही. हेल्मेटचा पत्रा निदान सोळा गेज जाडीचा लागतो, तोंडावरच्या गजांमधून एक इंचाची काठी आत जाता कामा नये, मान-कोपर-गुडघे-मूत्रपिंड सगळं झाकलेलं हवं. हे नियम वाचून पाठ होतात. खांद्याची हालचाल कुठे अडते ते वाचून समजत नाही. इंटरनेटवरून शेकडो डॉलरचं सुंदर चिलखत मागवणारे आणि मग हात डोक्याच्या वर जाईना म्हणून ते गॅरेजात टांगणारे मी बघितलेत. एकाचं तर मीच स्वस्तात घेतलं.

मग फटका मोजायचा प्रकार. इथे वार बसला की नाही हे पंच सांगत नाही. ज्याला बसला तो सांगतो. कल्पना अशी, की समोरच्याने कड्यांचं चिलखत घातलंय आणि डोक्यावर नाकपट्टीचं शिरस्त्राण आहे. ते भेदेल एवढा जोर होता का, हे मार खाणाऱ्याने ठरवायचं. हाताला बसला तर तो हात गेला, पाठीमागे घ्या. मांडीला बसला तर गुडघ्यावर बसून लढा. डोक्यात नीट बसला की ‘गुड!’ म्हणायचं आणि आडवं व्हायचं. नवख्याला हे जमवताना घाम फुटतो. हलक्या टपलीला मेलं तर हसू होतं, आणि घसघशीत फटका खाऊन उभं राहिलं तर लोक बोलत नाहीत, पण लक्षात ठेवतात. ही जोखण्याची नजर तयार व्हायला भरपूर मरावं लागतं, आणि भरपूर मरायची मुभा नवख्याइतकी कुणालाच नसते. नाइटने एक फटका नाकारला की त्याची चर्चा पार्किंगपर्यंत होते. तुमच्याकडे कोण बघतंय?

आणि एक गोष्ट मला अजून भारी वाटते. कुणाचा पट्टा सुटला, कुणी धडपडलं, मैदानात लहान पोर घुसलं, तर ‘होल्ड!’ असं कुणीही ओरडू शकतं. कुणीही म्हणजे आजच आलेलं माणूससुद्धा. त्या क्षणी सगळे जागच्या जागी थांबतात, राजासकट. आमच्या ऑफिसात फ्रेशरने ओरडून मीटिंग थांबवून दाखवावी.

गंमत म्हणजे नियमाप्रमाणे इथे कुणी गरीब नाहीच. आलेला प्रत्येकजण निदान किरकोळ उमराव आहे असं धरलं जातं. हे मला जरा सोयीस्कर वाटतं. शेतकरी नाही, भिश्ती नाही, मग मेजवानीची भांडी घासणार कोण? घासतात अर्थात सगळेच. मी एकदा आईला व्हिडिओ कॉलवर मोठमोठी पातेली दाखवली. ती म्हणाली, ‘इथे कधी कपबशी विसळली नाहीस आणि तिकडे लोकांची पातेली घासतेस?’ पण त्या मोरीशी ज्या गप्पा होतात त्या मुख्य पंगतीत होत नाहीत. शिवणीचे टाके, वेत कुठे चांगला मिळतो, कुठल्या मार्शलसमोर (लढाईवर देखरेख करणारा तो मार्शल) ऑथरायझेशनची, म्हणजे लढायच्या परवान्याची, परीक्षा द्यायची, सगळं मला तिथेच कळलं. पेन्सिक वॉर या एससीएच्या मोठ्या मेळाव्याला, पेनसिल्व्हेनियात स्लिपरी रॉकजवळ, दर उन्हाळ्यात दहा हजारांच्या आसपास माणसं जमतात. १९७२ पासून हे युद्ध चाललंय. तिथे पाण्याचा कॅन घेऊन रांगेतून फिरणाऱ्याला सगळ्या किंगडमची माणसं भेटतात.

मानसन्मानाबद्दल एकच. पहिली पायरी ‘अवॉर्ड ऑफ आर्म्स’, त्यानंतर लॉर्ड किंवा लेडी म्हणायचं. ती स्वतःहून मागायची पद्धत नाही. कुणीतरी राजा-राणीला तुमच्याबद्दल लिहावं लागतं, आणि असं पत्र कुणीही लिहू शकतं, ज्याला काहीच मिळालेलं नाही तोसुद्धा. तेव्हा नाइट कधी होणार हे विचारण्यापेक्षा ज्या बाईंनी तुम्हाला चिलखत बांधून दिलं त्यांच्याबद्दल चार ओळी लिहा.

‘मावळा होता येईल का?’ असं विचारणाऱ्यांनाही इथेच सांगते. नाही. एससीएचा काळ साधारण १६०० ला संपतो आणि महाराजांचा जन्म १६३० चा. इथे प्रत्येकजण त्या काळातलं एक काल्पनिक पात्र घेतो. माझं पात्र निजामशाहीतलं आहे. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये अहमदनगरचा किल्ला लढवला तेव्हाच्या तटावरची कुणीतरी, नाव नसलेली. जामा मीच शिवलाय, बगलेत उसवतो.

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास कुणाला सरावाला यायचं असेल तर कमेंट करा, गाडीत जागा आहे. बंद बूट आणि पाण्याची मोठी बाटली आणा. हेल्मेटपासून गुडघ्यापर्यंत बाकी सगळं पेटीत मिळेल. मुलग्यांनो, क्रिकेटचा सेंटर गार्ड तेवढा स्वतःचा आणा. पेटीत तोही आहे, पण नको.