उभी केली तेव्हा चालत होती

आज सकाळी आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एका पोरानं जाहिरात टाकली. १९६८ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ, म्हणजे जुनी अमेरिकन गाडी, प्रोजेक्ट कार (अर्धवट दुरुस्त केलेली), नव्वद टक्के कम्प्लीट, 'रॅन व्हेन पार्क्ड', ९,५०० डॉलर. खाली विचारलंय, "दादा लोक, डील कशी वाटते?" मी दात घासत होतो. चूळ भरून फोन हातात घेईपर्यंत सतरा जणांनी 'घेऊन टाक' म्हणून झालं होतं, दोघांनी पार्टी मागितली होती आणि एकानं, ज्याला स्वतःच्या टोयोटाचा वायपर बदलता येत नाही, त्यानं लिहिलं की भावा ही तर इन्व्हेस्टमेंट आहे.

दिवसभर ऑफिसात डोक्यात हेच. आता लिहितोच.

'रॅन व्हेन पार्क्ड' म्हणजे उभी केली तेव्हा चालत होती. अरे मग उभी का केली? माझ्या आजोबांची लँब्रेटा पण उभी केली तेव्हा चालत होती, पुढे तिच्या सीटखाली मांजरीनं पिल्लं घातली. इथे मिशिगनमधे गाडी उभी राहिली म्हणजे तिच्यावर आधीचे किती हिवाळे झालेत आणि रस्त्यावरचं किती मीठ तिनं खाल्लंय हे विचारायचं असतं, चालत होती का हे नाही. इंजिन काय, इंजिन दुरुस्त होतं. पत्रा सडला की संपलं.

मला हे माहीत आहे कारण मी तेच केलंय. २०१७ च्या ऑक्टोबरात. लपीयर गावाच्या पुढे एका म्हाताऱ्याच्या बार्नमधे ६८ चीच जीटीओ, व्हर्डोरो ग्रीन, धुळीखाली पण ती पुढची नाकाडी बघितली आणि मी गेलो कामातून. ते पुढचं बंपर क्रोमचं नाही, एन्ड्युराचं आहे, म्हणजे रबरासारख्या लवचिक मटेरियलचं, बॉडीच्याच रंगाचं, पॉन्टिअ‍ॅकवाले तेव्हा जाहिरातीत त्याच्यावर पहारीनं ठोकून दाखवायचे. बाबा तेव्हा आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते, त्यांना बरोबर नेलं. आमचे बाबा म्हणजे दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधे आयुष्य काढलेला माणूस. निघताना त्यांनी किचनमधला फ्रीजवरचा मॅग्नेट खिशात टाकला. अष्टविनायकाचा. बायको म्हणाली, "बाबा, गणपती कुठे नेताय?" तर म्हणाले, "गाडी बघायला."

तिथे गेल्यावर म्हातारा मला कार्बुरेटर दाखवतोय, रॉचेस्टर क्वाड्राजेट, 'फक्त साफ करायचाय'. मी मान डोलावतोय. आणि बाबा मागे उकिडवे बसून मॅग्नेट लावत फिरतायत. दरवाज्याला लावला, चिकटला. पुढच्या फेंडरला चिकटला. मागच्या चाकाच्या वर क्वार्टर पॅनलला लावला, खाली पडला. परत लावला, परत पडला. मला हाक मारली, "अरे इकडं ये. हा पत्रा नाय, ही पुट्टी हे."

मी काय म्हणालो असेन? मी, दोन डिग्र्या घेतलेला, डेट्रॉइटच्या ऑटो इंडस्ट्रीत काम करणारा मुलगा, म्हणालो, "बाबा, तिथे अ‍ॅल्युमिनियम असेल." एसटीच्या बॉड्या अ‍ॅल्युमिनियमच्या बांधण्यात ज्यांची तीस वर्षं गेली त्यांना मी अ‍ॅल्युमिनियम शिकवला. ते काही बोलले नाहीत. गणपती पुसून खिशात ठेवला. मी ११,००० डॉलर मोजले.

तर मुद्दा असा की ज्या सतरा जणांनी 'घेऊन टाक' म्हटलं त्यातल्या एकानं तरी त्या पोराला व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा कारखान्यातला ओळख नंबर, विचारला का? ६८ च्या गाडीचा नंबर काचेतून डॅशबोर्डवर ड्रायव्हरच्या बाजूला दिसतो, गाडीत बसायची पण गरज नाही. २४२ नं सुरू होत असेल तर जीटीओ. २३७ असेल तर ती लमॉन्स आहे, त्याच कंपनीची साधी गाडी, जीटीओचे बिल्ले लावलेली. ६४-६५ ला हे कळायची सोय नव्हती कारण तेव्हा जीटीओ हे नुसतं ऑप्शन पॅकेज होतं. पॉन्टिअ‍ॅकची मालक जनरल मोटर्स, तिचा नियम होता की मधल्या साइजच्या गाडीत ३३० क्यूबिक इंचाच्या वर इंजिन टाकायचं नाही, आणि पॉन्टिअ‍ॅकचा चीफ इंजिनियर डीलोरियन आणि त्याच्या लोकांनी ३८९ चं इंजिन 'ऑप्शन' म्हणून टेंपेस्ट लमॉन्समधे घुसवलं, नियम गाडीला होता ऑप्शनला नव्हता. काय डोकं! नाव पण सरळ फेरारीचं उचललं. आजही हे आठवलं की मला हसू येतं, रागाच्या पोस्टमधे पण. असो. ६६ पासून ती वेगळी सिरीज झाली म्हणून २४२. दोन मिनिटांचं काम आहे. पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसला नंबर पाठवला की फॅक्टरीतून गाडी काय काय घेऊन निघाली होती त्याच्या बिलाची कॉपी मिळते. पण नाही, आपल्याला बदाम पाठवायचेत.

आणि ते 'नव्वद टक्के कम्प्लीट'. उरलेले दहा टक्के म्हणजे काय असतं सांगू? क्रोम, काचेभोवतीच्या पट्ट्या, रबरं, आणि एक खोका ज्यात चारशे नटबोल्ट एकत्र टाकलेत आणि ज्यानं खोलले तो माणूस फोन उचलत नाही. माझ्या गाडीला झाकणाचे हेडलॅम्प आहेत, व्हॅक्यूमवर उघडतात. नळ्या गळक्या. अजूनही एक उघडतो आणि एक दहा सेकंदांनी उघडतो, येणाऱ्याजाणाऱ्याला डोळा मारते.

मला खरा राग या अर्धवट खोलून ठेवणाऱ्यांचा येतो. टीव्हीवर ऑक्शन बघायचं, हातोडा कितीला पडला ते बघायचं, दुसऱ्या दिवशी एक गाडी आणून गॅरेजमधे खोलायची, सहा महिन्यांनी मूल होतं किंवा नोकरी जाते किंवा नुसता कंटाळा येतो, मग 'प्रोजेक्ट' म्हणून पुढच्याच्या गळ्यात. तो अजून थोडी खोलतो. चौथ्या माणसापर्यंत ती गाडी राहत नाही, भंगार होतं, त्यापेक्षा ती कोणीतरी तशीच गंजकी चालवली असती तर बरं. हो, काही जण पूर्ण करतात. ओळखतो मी दोघांना. दोघांनाही वेल्डिंग येतं.

मला येत नव्हतं. म्हणून मी बॉडी शॉपला दिली. नाव घेत नाही. तीन महिने म्हणाले, चौदा महिने ठेवली. इथले लोक याला 'पेंट जेल' म्हणतात, गाडी तुरुंगात आणि आपण दर शनिवारी डबा घेऊन भेटायला गेल्यासारखे. त्यांनी रंग काढला आणि मला फोटो पाठवला. तो क्वार्टर पॅनल, जिथून गणपती दोनदा पडला होता, तिथे अर्धा इंच पुट्टी, आणि पुट्टीखाली भोक बुजवायला जुन्या नंबर प्लेटचा तुकडा पॉप रिव्हेटनं ठोकलेला. तुकड्यावर 'मिश' एवढंच वाचता येत होतं. पुढे डिकीची फ्लोर गेली होती, कारण मागच्या काचेखालून पाणी झिरपत होतं, कारण वरती छतावर चिकटवलेला व्हायनिल टॉप होता आणि त्याच्याखाली पाणी साठून राहायचं. एकातून एक. नवीन पॅनल मिळतात, फोन केला की घरी येतात, त्याची काही अडचण नाही. ते कापून, वेल्ड करून, दरवाज्याची फट सारखी आणायला जे तास लागतात त्याचं बिल येतं ना, ते बघून मी एक्सेल शीट बंद केली. शेवटचा आकडा ४६,००० होता, आणि तो रंगाच्या आधीचा. त्या पैशात तयार, चालती, रंगवलेली जीटीओ आली असती आणि मधली चार वर्षं मुलीच्या सॉकरला वेळेवर पोचलो असतो.

इन्व्हेस्टमेंट म्हणे. इथे जीटीओला लाडानं 'गोट' म्हणतात. आमच्याकडे बायको 'बकरी' म्हणते. "बकरीला आज काय आणलं?" बळी कोण गेला ते विचारू नका.

(जेवून आलो. वरचं वाचलं, जरा जास्तच चढलोय पण ठेवतो तसंच.)

फोटो आला त्या रात्री बाबांना पुण्याला फोन केला. सांगितलं की नंबर प्लेटचा तुकडा निघाला. मला वाटलं, बघ म्हणतील. तर विचारलं, "रिव्हेट कुठले वापरलेत, अ‍ॅल्युमिनियमचे का?" मी म्हटलं हो. "मग तू अगदीच चुकला नव्हतास. होतं थोडं अ‍ॅल्युमिनियम." आणि इतके हसले, इतके हसले की आईनं फोन घेतला, काय झालं म्हणून.

आणि आता खोटं कशाला बोलू. ऑगस्टातल्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझला, जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला, मी ती घेऊन जातो. वुडवर्ड थेट पॉन्टिअ‍ॅक गावापर्यंत जातो, जिथे माझी गाडी बनली, आणि जिथे आता पॉन्टिअ‍ॅक नावाची कंपनीच उरली नाही. मागच्या वर्षी सिग्नलला एक म्हातारे गृहस्थ फूटपाथवरच्या खुर्चीतून उठून आले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, म्हणाले मी कारखान्यात असेंब्ली लाइनवर होतो. एवढंच. सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न मारले नाहीत. ४०० क्यूबिक इंच, ३५० हॉर्सपॉवर, गॅलनला धड बारा मैल देत नाही, ब्रेक मारायचा तर आदल्या दिवशी अर्ज करावा लागतो. विकणार का विचारलं तर नाही.

पण हे मी सांगू शकतो, ग्रुपवरच्या त्या सतरा जणांनी सांगू नये.

तर पोरा, तू हे वाचतोयस माहितीये. अ‍ॅडव्हान्स पाठवू नकोस. 'अजून दोघं बघायला येतायत' असं तो म्हणेल, येऊ देत. रविवारी सकाळी नऊला मी तुला घ्यायला येतो, जुने कपडे घाल, गाडीखाली झोपायचंय. टॉर्च तुझा. गणपती माझ्या ग्लव्ह बॉक्समधे आहे, बाबा जाताना ठेवून गेले. आणि नंबर २३७ नं सुरू झाला तर मला तिचा डावा दरवाजा हवाय, आत्ताच सांगून ठेवतो, नंतर तोंड वाकडं करायचं नाही.