येक म्हैसले दोन बादल्या

"भाऊ, तुनी गिटार कोठे गयी?"

हा प्रश्न मला परवा माझ्याच खोलीत, गिटार माझ्याच मांडीवर असताना विचारण्यात आला. विचारणारे आप्पा. आप्पा म्हणजे चोपड्याकडच्या एका होतकरू गायकाचे वडील. मुलाला अहिराणी लग्नगीत काढायचं होतं, खर्च केळीच्या पैशातून होणार होता, म्हणून केळीचे मालक, म्हणजे आप्पाही हजर. जळगावातल्या माझ्या ज्या खोलीला मी स्टुडिओ म्हणतो आणि आई 'गोधड्या वाळत घातल्यात ती खोली' म्हणते, तिथे ते सकाळपासून ठाण मांडून होते.

मे महिना. माईकला सगळं ऐकू जातं म्हणून कूलर बंद, पंखा बंद. गिटारसमोर दोन माईक लावले होते. एक गिटारच्या मानेवरच्या बाराव्या पट्टीसमोर वीत-दीड वीत लांब, दुसरा ब्रिजच्या, म्हणजे फळीवर तारा अडकवतात त्या पट्टीच्या, बाजूला. दोन्ही अंतरं टेपने मोजून सारखी केलेली. आवाज दोन्हीकडे एकाच वेळी पोचला पाहिजे, नाहीतर दोन ट्रॅक एकमेकांच्या लाटा खाऊन टाकतात. स्टँड कुठे उभा करायचा त्याची फरशीवर चिकटपट्टीने खूणही केली होती.

ही खूण आप्पांना दिसली नाही. त्यांना दिसलं ते एवढंच की आपला गुडघा दुखतोय आणि पाय लांब करायला जागा नाही. मी डोळे मिटून वाजवतो. (सगळेच मिटतात, त्यात काही भाव वगैरे नसतो, घाम जातो डोळ्यात.) तेवढ्यात त्यांनी पायाने ब्रिजकडचा स्टँड चांगला दीड वीत मागे सरकवला आणि मोकळ्या जागेत पाय पसरून पाण्याचा तांब्याही मांडला. मला कळलं ते वाजवून संपल्यावर, चिकटपट्टी एकीकडे आणि स्टँड दुसरीकडे बघून.

हेडफोनमध्ये मात्र झकास वाजत होतं. वाजणारच. एक माईक डाव्या कानात, दुसरा उजव्या कानात, दोघांची गाठ पडतच नाही. आप्पा काही हेडफोनवाले नव्हेत. "माले फोनवर टाक," म्हणाले. त्यांच्या फोनला स्पीकर एक. तिथे डावं-उजवं एका भोकातून बाहेर पडतं आणि मग भांडण लागतं. ३४ सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक मिलिसेकंद उशीर. तेवढ्यात ५०० हर्ट्झचे सूर एकमेकांना मारतात, मग १५००, मग २५००, आणि मधले १००० आणि २००० उगाच फुगतात. उरतो तो डबड्यात बसवल्यासारखा पोकळ आवाज, त्यावर ढोल. गिटार कोठे गयी, हा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होता. तोच तर राग आहे.

मी समजावून सांगितलं. स्टँड सरकल्याचा उल्लेखही अगदी अदबीने केला. आप्पांनी ऐकून घेतलं, तांब्यातलं घोटभर पाणी प्याले आणि म्हणाले, "पण दोन माईक कसाले? येक म्हैसले दोन बादल्या लावतस का?"

मुलगा हसला. त्याचे पैसे नव्हते ना.

"आप्पा, दोन लावले की आवाज भरीव येतो."

"मंग भरीव का नही उना?"

यावर काय बोलणार? सॉफ्टवेअरमध्ये लाट उलटी करायचं एक बटण असतं, ते दाबून पाहिलं. खर्जच गेला. त्या बटणाने लाट उलटते, उशीर जात नाही, हे मला ठाऊक आहे. पण पाठीशी आप्पा बसलेले असले की माणूस काहीही दाबतो.

इथे एक गाऱ्हाणं मांडून घेतो. या विषयावर कोणालाही विचारा, 'तीनास एक' चा नियम तोंडावर फेकतात. दोन माईकमधलं अंतर गिटारपासूनच्या अंतराच्या तिप्पट ठेव म्हणे. अरे, तो नियम दोन वेगळे वाजवणारे आणि त्यांचे दोन माईक यांच्यासाठी आहे, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये फार शिरू नये म्हणून! एकाच गिटारला तो लावून काय होणार? पण सांगणारा ठासून सांगतो आणि आपण टेप घेऊन बसतो.

शेवटी मागे पडलेला ट्रॅक हाताने पुढे सरकवायला घेतला. ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये सेकंदाचे ४८,००० तुकडे होतात, त्यांना सॅम्पल म्हणतात; एक मिलिसेकंद म्हणजे ४८ सॅम्पल. पण पुस्तकातलं गणित २० अंशांचं, तिथे आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. माझी खोली ४० अंशांची, इथे तो ३५५ मीटर जातो. मे महिन्यात जळगावातून लवकर निघायची घाई आवाजालाही असते. हिशेबाने ४६ सॅम्पल आले. तारेचे ठोके एकाखाली एक बसवले, आवाज पुष्कळ सुधारला. पूर्ण नाहीच, कारण गिटार काही एका टिंबातून वाजत नाही. तार, भोक, फळी, सगळीकडून वाजते. एक जागा जुळवली की दुसरी थोडी सुटते.

आप्पांना 'पुष्कळ' नको होतं. "येक बंद कर."

केला. ब्रिजकडचा, सरकवलेला.

"आते उनी ना गिटार!" आप्पा फोन कानाला लावून डोलायला लागले. मुलगाही डोलला. माझी आई सरबत घेऊन आली होती, तीही म्हणाली, "हो रे, आता ऐकू येतेय."

निघताना पैशांचा विषय निघाला. सकाळीच आप्पांनी मला तासभर ऐकवलं होतं, व्यापारी कशी कट्टी, म्हणजे वजनातली कपात, लावतात, केळीच्या दांड्याचं वजन कसं कापतात, शेतकऱ्याने जगावं कसं. मी मनापासून 'हो ना' म्हटलं होतं. आता त्यांनी शांतपणे हिशेब केला. दोन माईकची गिटार ठरली होती, गाण्यात एकच माईक आहे, म्हणजे गिटारचे पैसे निम्मे.

"आप्पा, वाजवली तर मी पूर्णच!"

"वाजाडी पूर्ण. पण उनी येकच ना?"

रात्री मोबाईलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. निम्मेच होते. शेऱ्याच्या जागी मुलाने, बहुधा वडिलांनी सांगितलं तसंच, टाइप केलं होतं: 'गिटार, कट्टी वजा'. आणि त्याखाली दुसरा मेसेज, पुढच्या रविवारी ढोल घेऊन येतोय, माईक एकच लावा.