आहात का?

रात्री पावणेअकरा. ओटा पुसून नुकती टेकले होते, तेवढ्यात फोन थरथरला. साहेब. ‘आहात का?’

आहात का म्हणजे काय? जिवंत आहे, एवढ्यावर भागेल का? काम काय ते लिहायचं नाही, नुसतं ‘आहात का’ टाकून गप्प बसायचं. आपण ‘हो सर’ म्हटलं की तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज, मागे टीव्हीवर मॅच चाललेली. मुद्दा एकच, तोही शेवटच्या दहा सेकंदांत.

मी अकाउंट्समध्ये आहे. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, ही जीएसटीची विवरणपत्रं भरायचे दिवस आले की घरदार विसरायचं, हे मला मान्य आहे. तेव्हा मध्यरात्रीही फोन उचलते, कुरकुर न करता. पण काल तारीख होती २४! काय हवं होतं? गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या मिठाईचं बिल. आत्ता. ताबडतोब. जणू हलवाई दारात बसलाय.

नवरा म्हणतो, ‘बघू नकोस ना मग.’ वा! बघितलं नाही असं सांगू कुणाला? २०१४ मध्ये त्या व्हॉट्सॲपवाल्यांनी निळ्या टिका आणल्या, तेव्हापासून वाचलं हीसुद्धा कबुली झाली. बंद करता येतात म्हणे. येतात, पण ग्रुपमध्ये नाही. आणि आमचे साहेब सगळं ग्रुपवरच टाकतात, मग कुणी कुणी वाचलं ते उघडून बघतात. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी, अगदी गोड आवाजात: ‘काल तुम्ही ऑनलाइन दिसत होतात.’ अहो, मी भावजयीला पुरणाचं प्रमाण विचारत होते! त्याचाही हिशेब द्यायचा का आता?

आमच्याकडे लँडलाइन होता तेव्हा रात्री नऊनंतर घंटी वाजली की आईच्या छातीत धस्स व्हायचं. त्या वेळेला फोन म्हणजे कुणीतरी गेलं, नाहीतर कुणीतरी दवाखान्यात. बाकी सगळं जग सकाळपर्यंत थांबायचं. जेवायच्या वेळी चुकून कुणाचा आलाच, तर समोरचाच ओशाळायचा, ‘जेवताय का? राहू दे, नंतर करतो.’ आता माणूस ताटावर आहे की मोरीत, विचारायचीच गरज उरली नाही. फोन खिशात आहे ना? मग माणूसही आपल्याच खिशात.

बरं, एकटे साहेब असते तर निभावलं असतं. शाळेच्या ग्रुपवर रात्री साडेनऊला कळतं की उद्या मुलांना पिवळे कपडे हवेत. सोसायटीच्या ग्रुपवर टँकर आला की नाही यावर चाळीस मेसेज, आणि खाली वाकून टँकर बघायला एकही जण जात नाही. पण ते निदान पगार कापत नाहीत.

फ्रान्समध्ये २०१७ पासून कायदा आहे, कामाच्या वेळेनंतर ऑफिसशी संपर्क तोडण्याच्या हक्काचा. आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी २०१८ साली तसंच खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. आमच्यातल्या एकाने धीर करून त्याची बातमी ग्रुपवर टाकली. साहेबांनी तिला अंगठा दिला. रात्री सव्वाअकराला.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास मोबाइल-टीव्ही बंद ठेवतात. तो भोंगा मला एका विशिष्ट घराच्या गच्चीवर बसवायचाय. पत्ता देते.

माझ्या सासरच्या गावी पूर्वी रेंज फक्त मारुतीच्या पारावर यायची. दोन दिवस गेलं की दोन दिवस सुट्टी, खरीखुरी. पाच वर्षांपूर्वी टॉवर आला, गावात पेढे वाटले. मीही खाल्ला, मूर्खासारखी! आता जत्रेत पालखी दारात येते तेव्हा माझ्या एका हातात आरतीचं ताट असतं आणि दुसऱ्या हातात ‘सर, पाच मिनिटांत पाठवते’.

यंदा म्हटलं, पुरे. रविवारी सकाळी फोन तांदळाच्या डब्यात घातला, झाकण लावलं आणि पंगतीत वाढायला गेले. चुलत सासूबाई धावत बाहेर आल्या, ‘अगं, डब्यात काहीतरी गुरगुरतंय, उंदीर शिरला का बघ!’ सगळ्या बायका पदर खोचून, हातात झाडू घेऊन स्वयंपाकघरात. झाकण काढलं, तर तांदळात अर्धवट बुडालेले साहेब.

सतरा मिस्ड कॉल होते. एक फाइल हवी होती. ती त्यांच्याच मेलमध्ये पडली होती. गुरुवारपासून.