पाणलोट क्षेत्रातली जीप

जुनी जीप गळते हे जीपवाल्यांना सांगावं लागत नाही आणि बाकीच्यांना सांगून पटत नाही. "काचा वर करत नाही का तुम्ही?" असं ते विचारतात. काचा वर असतात हो. दारं बंद असतात, टपही जागेवर असतो. तरी मृगाचा पहिला दणका बसला की दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या बाजूच्या मॅटवर पाय ठेवला की 'पच्' असा आवाज येतो आणि चपलेच्या कडेनं पाणी वर येतं.

माझी जीप नव्वदीच्या दशकातली. चौकोनी, ताठ, पत्र्याची. तिच्यात गोल म्हणावं असं चाकं आणि स्टिअरिंग एवढंच. अशा गाडीत जिथे पत्र्याला पत्रा भेटतो तिथे फट असते आणि त्या फटीत एके काळी रबर होतं. इतकी वर्षं पुण्याचं ऊन खाल्ल्यावर ते कडक होतं, आखडतं, आणि एक दिवस हात लावला की तुकडाच हातात येतो. शासनानं 'पाणी अडवा, पाणी जिरवा' असं सांगितलं ते या जीपइतकं मनावर कुणीच घेतलं नसेल. ती पायाखाली पाणी अडवते आणि मॅटखालच्या फेल्टमध्ये जिरवते. वरून मॅट वाळलेली दिसते. खाली फेल्ट दिवाळीपर्यंत ओलं असतं आणि गाडीला असा वास येतो की ओळखीचे लोक "चालतच जातो, जवळच आहे" म्हणू लागतात.

वास एक वेळ सोसता येतो. पण ओल फ्यूजबॉक्सपर्यंत चढली की गाडीला स्वतःची मतं फुटतात. एका रात्री पार्किंगमध्ये हॉर्न आपोआप वाजायला लागला. मी बनियनवर खाली पळालो, बॅटरीची वायर काढली, आणि वर बघितलं तर तीन मजल्यांच्या गॅलऱ्या भरलेल्या. त्यातच तिसऱ्या मजल्यावरचे काका होते. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, आणि निवृत्तीनंतर एवढी ताजी गळती त्यांच्या हाती लागली नव्हती.

सकाळी सातला ते टॉर्च घेऊन हजर.

"साठा कुठे होतोय?"

"डाव्या पायाखाली. ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या."

"म्हणजे वहिनी बसतात तिथे?"

"हो."

"मग हे तातडीच्या कामात धरायला हवं." त्यांनी मॅट दाबून पाहिली. "विसर्ग अंदाजे किती?"

पुण्यात पावसाळ्यात खडकवासल्यातून किती क्युसेक सोडले हे विचारल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही, पण माझ्या जीपचा विसर्ग कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी 'दोन मग' असं सांगितलं. काकांनी ते वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, "साठा दिसतो तिथे गळती नसते. पाणलोट क्षेत्र शोधा."

आधी पाणी कुठलं आहे हे ठरवावं लागतं. हीटरच्या नळीतून कूलंट झिरपत असेल तर ते हाताला चिकट लागतं, गोडसर वास येतो आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होतं. मागाहून एसी बसवलेला असेल तर त्याचा ड्रेन पाइप तुंबून भर उन्हाळ्यातही पाय भिजतात. माझं पाणी फक्त पावसात येत होतं आणि त्याला बुरशीशिवाय वास नव्हता. काकांना चव घेऊन खात्री करायची होती. कूलंट विषारी असतं असं सांगितल्यावर त्यांनी बोट हळूच ट्रॅकपँटला पुसलं.

मग कागदाची चाचणी. दारात कागद धरायचा, दार लावायचं आणि कागद ओढायचा. अडकत अडकत आला तर रबर दाबतंय, सहज निसटला तर तिथे रबर नुसतंच हजेरी लावतंय. मागच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातून कागद न ओढताच खाली पडला. त्या दारावर स्टेपनी टांगलेली असते. वर्षानुवर्षं तेवढं वजन पेलून बिजागऱ्या झुकतात, दार खाली बसतं आणि वरची फट उघडते. नवं रबर कितीही भारी आणा, आधी बिजागरी उचलून घ्यावी लागते. हा मिस्त्रीचा अर्ध्या तासाचा उद्योग झाला आणि मागचं पाणी थांबलं. पण मागे कुणी बसतच नाही. डाव्या पायाखाली 'पच्' चालूच.

पाइप मारून बघायची एक शिस्त असते आणि ती कुणीच पाळत नाही. लोक सरळ टपावर पाइप सोडतात. मग पाणी चहूकडून ओघळतं, चहूकडून शिरतं, आणि कळत काहीच नाही. सुरुवात खालून करायची. आधी चाकांच्या वर, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्याच्या आसपास. थोडं थांबायचं. मग दाराची खालची कड, मग बिजागऱ्या, मग काचेच्या चौकटीखालचं रबर, वायपरच्या दांड्याचं वॉशर आणि सगळ्यात शेवटी टप. पाइपचं तोंड बोटानं दाबून फवारा मारायचा नाही. पाऊस तसा पडत नाही, आणि नसलेल्या गळत्याही सापडायला लागतात. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवायचा. तो माणूस कोण हे सांगायला नकोच.

"आलं का?" मी बाहेरून ओरडलो.

"काय?"

"पाणी!"

"नाही. घाम आलाय. काच खाली करू का?"

"काच खाली केली तर पाणी येईल ना आत!"

"मग त्यासाठीच बसवलंय ना मला?"

त्या दिवशीचं संशोधन तिथे थांबलं.

संध्याकाळी वातावरण निवळावं म्हणून मी बायकोला बेन कार्लिनची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात फोर्डनं जीपचा एक पाण्यावर चालणारा प्रकार काढला होता, जीपीए नावाचा. कार्लिन हा ऑस्ट्रेलियन अभियंता युद्धकाळात भारतीय सैन्यात होता. १९४६ मध्ये इथल्याच एका विमानतळावर त्यानं तसली जीप पाहिली आणि तिच्यातून जगप्रदक्षिणा करायचं त्याच्या डोक्यात आलं. १९५० मध्ये तो बायकोला, एलिनोरला, घेऊन कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून निघाला आणि जीपमधून अटलांटिकवर तरंगत अझोर्स बेटांना लागला. गाडीचं नाव 'हाफ-सेफ', घामाच्या वासावरच्या क्रीमच्या जाहिरातीतून उचललेलं. १९५८ मध्ये त्यानं प्रदक्षिणा पुरी केली. सांगायचा मुद्दा एवढाच की जीपमध्ये पाणी न येणं शक्य असतं.

"ती शेवटपर्यंत होती बरोबर?"

"कोण?"

"एलिनोर."

"नाही. कलकत्त्यापर्यंत होती, मग मध्येच सोडून गेली."

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि ओले मोजे वाळत घालायला निघून गेली.

खरा धागा मिळाला तो उतारामुळे. आमच्या सोसायटीचा रॅम्प खाली उतरतो, त्यामुळे जीप रात्रभर नाक खाली करून उभी असते. ऑफिसच्या पार्किंगमध्ये तिचं नाक वर असतं. घरी पाऊस पडला की पाणी पुढे, ऑफिसात पडला की मागे, स्टेपनीच्या बाजूला. मागचं दार तर आता कागद सोडत नव्हतं. म्हणजे पाणी पुढूनही येत नव्हतं आणि मागूनही. ते वरून येत होतं आणि उताराप्रमाणे कुठे जायचं ते ठरवत होतं. हे ऐकून काकांचे डोळे चमकले. "बघा! साठा डाव्या कालव्यात आणि पाझर भिंतीच्या माथ्याला. टेमघर धरणाची गळतीही अशी वरवर बघून सापडली नव्हती."

आतलं अस्तर खाली ओढलं. टपावरच्या कॅरिअरचा मागचा उजवा बोल्ट. त्याखालचं रबरी वॉशर कधीच झिजून गेलेलं, आणि बोल्टाच्या आट्यांवरून थेंब आत येऊन अस्तराच्या वरच्या बाजूनं, एका वायरीचा हात धरून, पार पुढच्या डाव्या खांबापर्यंत चालत जायचा. तिथून खाली. मागच्या उजव्या कोपऱ्यातून पुढच्या डाव्या पायापर्यंत. अख्ख्या गाडीत याहून लांबचा रस्ता नाही, आणि पाण्यानं तोच निवडला होता. आता त्या वायरीला खांबापाशी खाली झोल दिलाय, म्हणजे थेंब झोलाच्या तळाशी येऊन टपकतो आणि पुढे सरकत नाही. एवढ्याशा झोलाला पैसा लागत नाही, पण तो सुचायला पाटबंधारे खातं लागतं.

दुसरा शोध मॅट पूर्ण उचलल्यावर लागला, आणि त्यानं मला जास्त राग आला. जीपच्या फरशीला मुळात भोकं असतात. ती चूक नव्हे, ती सोय आहे. जीपचं घराणंच लष्करी: युद्धकाळातल्या जीपला पत्र्याची दारं नव्हती, वर कापडी हूड आणि पुढची काच बॉनेटवर आडवी पाडायची. पाणी आत येणार हे धरलेलंच होतं. प्रश्न फक्त ते बाहेर कसं जाईल एवढाच. त्या भोकांना रबरी बुचं असतात, हवी तेव्हा काढायची. माझ्या जीपच्या आधीच्या मालकानं बुचं काढून सगळी भोकं सिलिकॉननं लिंपून टाकली होती. भोकं, दारांच्या तळाच्या पाणी निघायच्या खाचा, टपाची पन्हळ, सगळं. म्हणजे यायची वाट उघडी आणि जायची बंद. त्यात ते व्हिनेगरसारखा आंबट वास मारणारं सिलिकॉन, जे पत्र्याला गंज चढवायला मदतच करतं. वर त्याच्यावर रंग धरत नाही आणि नवं सिलिकॉनही चिकटत नाही. ते ब्लेडनं खरवडायला माझा अख्खा रविवार गेला आणि खाली काही ठिकाणी पत्राच सिलिकॉनबरोबर निघून आला. सिलिकॉनची नळी विकताना दुकानदारानं ओळखपत्र मागायला हवं, असं माझं मत झालंय.

पुढची कामं सरळ होती. नाना पेठेत रबर मीटरवर मिळतं. दुकानदारानं माझा जुना तुकडा नखानं दाबला, हुंगला, आणि "ट्रकचं देतो, बसेल" म्हणाला. बसलंही. ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर घ्यायचं, ऊन-पाऊस सोसतं; साधा स्पंज पाणी पितो आणि पुन्हा आपल्यालाच पाजतो. बसवताना ताणायचं नाही, नाहीतर महिन्याभरात आखडून कोपरे उघडे पडतात, आणि सांधा दाराच्या खालच्या बाजूला घ्यायचा. बोल्टाखाली नवं वॉशर आणि न सुकणारं सीलंट. सडलेल्या पत्र्यावर टिंकरवाल्यानं तुकडा जोडला. तो तुकडा मूळ पत्र्याहून जाड आहे, त्यामुळे आता गाडीतला सगळ्यात भरवशाचा भाग तोच.

जुलैत आम्ही ताम्हिणी घाटातून माणगावला उतरलो. वायपर शेवटच्या वेगावर होते आणि तरी समोर पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. बायकोनं पाय उचलून मॅट दाबली. आवाज आला नाही. तिनं चप्पल काढून पुन्हा दाबली. मग माझ्याकडे न बघताच पाय खाली सोडले. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मला लग्नानंतर मिळालेलं नाही. काचेच्या चौकटीच्या बिजागरीतून एक थेंब अजून माझ्या उजव्या गुडघ्यावर पडतो, ठरावीक वेळानं. मिस्त्रीला दाखवलं तर तो म्हणाला, "साहेब, तेवढं कंपनीतूनच येतंय." गुडघा माझा असल्यामुळे काकांनी ते काम तातडीच्या यादीत घेतलेलं नाही.

अडचण वेगळीच उभी राहिली. काकांनी सोसायटीच्या सभेत सगळा अहवाल वाचला, आकृतीसकट. आमच्या गच्चीतून चौथ्या मजल्याच्या दोन फ्लॅटमध्ये बरीच वर्षं पाणी झिरपतंय आणि एकेका कंत्राटदारानं वेगळंच कारण सांगितलंय. सभेनं एकमतानं ठराव केला: गच्चीची गळती शोधायचं काम माझ्याकडे, तांत्रिक सल्ला काकांचा. पाइप सोसायटी देईल. चौथ्या मजल्यावर टॉर्च घेऊन कोण बसणार, असं मी विचारलं तेव्हा सगळ्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. तिनं उभं राहून सांगितलं की ती कलकत्त्याला चाललीय. माहेर तिचं साताऱ्याचं आहे.