‘फोंड्याच्या तिस्क नाक्यावर चहा घेतला की निकाल कळतो’? नाही कळत!

गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतोय. राज्यशास्त्राच्या मुलांना संशोधनपद्धती आणि आकडेवारी शिकवणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. गोवा एवढासा, चार माणसांशी बोललं की पुरे. कोण कुणाला मत देतो हे तर सगळ्यांना ठाऊकच. हा विषय मी फोंड्यात शिकवते, म्हणून लिहिते.

‘गोवा एवढासा.’ नमुना, म्हणजे प्रश्न विचारायला निवडलेली माणसं, केवढा हवा हे लोकसंख्येवर फारसं ठरत नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखी हजार माणसं निवडली तर अंदाज साधारण ३ टक्के इकडेतिकडे होतो, गोव्यात आणि उत्तर प्रदेशातही. उलट आपले मतदारसंघ लहान, म्हणून काम जास्त कठीण. २०२२ मध्ये फोंड्याचा निकाल ७७ मतांनी लागला. म्हणजे गावातली एक छोटी वस्ती!

‘चार माणसांशी बोललं की पुरे.’ कुठली चार? आमच्या मुलांनी सकाळी अकराला तिस्कावर उभं राहून प्रश्नावल्या भरून आणल्या. वर्गात मोजल्या, तर बायका हाताच्या बोटांवर, आणि कुंडईच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला गेलेलं एकही माणूस नाही. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी एका साप्ताहिकाकडे २० लाखांहून जास्त उत्तरं आली होती, तरी रूझवेल्ट हरणार हे भाकीत साफ चुकलं. पत्ते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांचे होते, आणि उत्तर पाठवणारेही एका बाजूचेच जास्त.

‘सगळ्यांना ठाऊकच.’ हे मला सर्वांत जास्त खटकतं. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल घ्या. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा (खूण फूल) की वेगळा ठेवायचा (खूण दोन पानं), हा प्रश्न होता. ‘हिंदूंनी फुलाला म्हणजे विलीनीकरणाला मत दिलं, ख्रिस्तींनी दोन पानांना’ असं आजही बिनधास्त सांगतात. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. म्हणजे फुलाला साडेचव्वेचाळीस टक्के. तेव्हा गोव्यात हिंदू ६० टक्क्यांच्या आसपास होते. दोन्ही समाज सारख्याच प्रमाणात मतदानाला आले असं धरा, आणि एकाही ख्रिस्ती माणसाने फुलाला मत दिलं नाही असंही धरा. तरी साठातल्या पंधराएक हिंदूंनी दोन पानंच निवडली असणार. ख्रिस्तींतल्या काहींनी फूल घेतलं असेल तर त्याहून जास्त. मतपत्रिकेवर धर्म लिहिलेला नसतो. तालुक्याच्या बेरजेवरून माणसाचं मत सांगता येत नाही.

‘गणित नको म्हणून तर कला शाखा घेतली,’ असं मुलं म्हणतात. त्यांची भीती खरी आहे, मी ती दरवर्षी जूनमध्ये बघते. पण वरच्या हिशेबाला वजाबाकी आणि टक्केवारीच लागली.